खेळाडू, पंच, प्रशिक्षक, अधिकारी: एकाच माणसाचा इतिहास चार ठिकाणी शोधताना



पेटची तयारी करणाऱ्या दोघा-तिघांनी मला गेल्या महिन्यात जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "ताई, सिनॉप्सिससाठी एखाद्या माणसाचं चरित्र घेतलं तर चालेल का? विषय आटोपशीर राहील ना?" चालेल की. पण आटोपशीर राहील का, हे मात्र माणूस कोण आहे यावर ठरतं. आज एक उदाहरण घेऊन बघू. माझा विषय खेळाच्या इतिहासाचा, त्यामुळे उदाहरणही तिथलंच आहे: सय्यद शाहिद हकीम. फुटबॉलचे खेळाडू, मग आंतरराष्ट्रीय पंच, प्रशिक्षक आणि शेवटी क्रीडा प्रशासनातले अधिकारी. २०२१ मध्ये ते गेले, तेव्हा सगळ्या बातम्यांत एक वाक्य कमी-जास्त फरकाने होतं, की पन्नास वर्षं हा माणूस भारतीय फुटबॉलशी जोडलेला होता. वाक्य खरंच आहे. पण संशोधकाने तिथे थांबून विचारायला हवं, की जोडलेला होता म्हणजे नेमका कुठे, कोणत्या पदावर, कोणाच्या पगारावर?

आधी एक शंका दूर करते. बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलीने हैदराबादच्या फुटबॉलवाल्याचा विषय का घ्यावा? मी देऊळगाव राजाकडची. आमच्याकडून जालना तासाभराच्या वाटेवर आहे आणि १९४८ पर्यंत तिथे निजामाचं राज्य होतं. आमचा वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचाच. १८५३ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्याकडेच राहिला. म्हणजे हैदराबाद आपल्याला वाटतं तितकं लांबचं नाही. शिवाय हकीम यांच्या प्रशिक्षकपदाचा मोठा भाग मुंबई आणि गोव्यात गेला. तिसरं कारण जास्त जवळचं आहे, ते शेवटी सांगते.

खेळाडू: 'ऑलिंपियन' या शब्दाच्या आत काय आहे?

हकीम यांचा जन्म २३ जून १९३९ चा, हैदराबादचा. वडील सय्यद अब्दुल रहीम. हे नाव 'मैदान' चित्रपटामुळे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. रहीम पेशाने शाळामास्तर. उस्मानिया विद्यापीठाकडून ते फुटबॉल खेळले, बी. ए. झाल्यावर शाळेत शिकवू लागले आणि पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. हैदराबाद फुटबॉल संघटनेचे ते सचिव होते, हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक होते आणि भारतीय संघाचेही. सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. भारताने १९५१ आणि १९६२ मध्ये आशियाई सुवर्णपदक मिळवलं आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. हे सगळं रहीम यांच्या हाताखाली झालं. ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने ते गेले. मुलगा तेव्हा चोवीस वर्षांचाही नव्हता.

१९६० च्या रोम ऑलिंपिकला भारतीय संघ गेला, तेव्हा प्रशिक्षक रहीम होते आणि संघाच्या यादीत एकवीस वर्षांचा मधल्या फळीतला खेळाडू शाहिद हकीम होता. भारत हंगेरीकडून १-२ असा हरला, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली आणि पेरूकडून १-३ अशी हार झाली. त्यानंतर भारताचा पुरुष फुटबॉल संघ आजपर्यंत ऑलिंपिकला गेलेला नाही. या तीनपैकी एकाही सामन्यात हकीम मैदानात उतरले नाहीत.

आता इथे पहिला धडा आहे. बातम्यांत त्यांच्या नावामागे 'ऑलिंपियन' असं लागतं. ते चूक म्हणता येणार नाही, कारण संघात ते होतेच. पण तुम्ही प्रबंधात 'ऑलिंपिक खेळले' असं लिहिलंत की तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तिथेच येणार. संघाची यादी हा एक कागद असतो आणि सामन्याचा अहवाल दुसरा. पहिल्यात नाव असलं म्हणून दुसऱ्यात असेलच असं नाही. क्रिकेटमध्ये बारावा खेळाडू सगळ्यांना कळतो, फुटबॉलच्या जुन्या नोंदी वाचताना मात्र हा फरक हमखास निसटतो.

दुसरी अडचण त्याहून नाजूक आहे. वडील प्रशिक्षक, मुलगा संघात आणि सामना एकही नाही. यावर गोष्ट रचायचा मोह कोणालाही होईल. एक म्हणेल, वशिल्याने घेतलं. दुसरा म्हणेल, बघा किती निःस्पृह बाप, स्वतःच्या पोराला खेळवलं नाही. दोन्ही गोष्टी ऐकायला छान आहेत आणि दोन्हींसाठी पुरावा एकच, तो म्हणजे न खेळलेले तीन सामने. एकाच पुराव्यातून दोन उलट निष्कर्ष निघत असतील, तर तो पुरावा त्या प्रश्नाला पुरा पडत नाही असं समजावं. संघ कोणी निवडला, त्या जागेवर दुसरं कोण होतं, सराव सामन्यांत काय झालं, हे कळल्याशिवाय मी यावर एक ओळही लिहिणार नाही असं ठरवलंय. हेतूबद्दल लिहायचं तर हेतूचा कागद हवा.

पगार कोण देत होतं?

चरित्र लिहिताना हा प्रश्न विचारायला आपण लाजतो. माझ्या मार्गदर्शकांनी पहिल्याच भेटीत मला हाच प्रश्न टाकला होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हकीम भारतीय हवाई दलात अधिकारी होते, स्क्वाड्रन लीडर या हुद्द्यापर्यंत गेले आणि सेनादलांच्या 'सर्व्हिसेस' संघाकडून खेळले. ही त्यांच्या आयुष्याची किरकोळ माहिती समजू नका, पुढचं सगळं याच्यावर उभं आहे. त्या काळी भारतात फुटबॉल हा पोट भरायचा धंदा नव्हता. खेळाडू नोकरी करायचा आणि नोकरी देणारी संस्था त्याला खेळू द्यायची. पोलीस, रेल्वे, सेनादलं, बँका, मुंबईत टाटा आणि महिंद्रसारख्या कंपन्या, यांचे संघ म्हणजे त्या काळातलं खरं फुटबॉल. वडिलांना शाळेच्या नोकरीने आधार दिला, मुलाला हवाई दलाने. खेळणं तिशी-पस्तिशीत संपतं. त्यानंतर पंचगिरी करायला, शिकवायला, समित्यांवर बसायला जो वेळ लागतो, तो कोणीतरी पगार देत असेल तरच मिळतो.

हवाई दलाचा आपल्या जिल्ह्याशीही एक धागा आहे. पावसाळा सुरू झाला की शाळाशाळांत 'सुब्रोतो'ची गडबड सुरू होते ना? तालुका, जिल्हा, विभाग असं करत वर जाणारी ती फुटबॉल स्पर्धा. हे सुब्रोतो म्हणजे एअर मार्शल सुब्रोतो मुखर्जी, हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख. स्पर्धा १९६० मध्ये सुरू झाली आणि ती भरवण्यात हवाई दलाचा हात आजही आहे. चिखली-मेहकरच्या चिखलात अनवाणी धावणारं पोर नकळत याच व्यवस्थेच्या एका टोकाला उभं असतं. संस्थांचा इतिहास असा पायाखाली असतो.

पंच: ज्याचं नाव छापलं जात नाही

पंचाबद्दल एक गंमत आहे. त्याने काम चोख केलं तर दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याचं नाव येत नाही आणि चूक केली तर मथळ्यात येतं. त्यामुळे वर्तमानपत्रांवरून पंचाचा इतिहास लिहायला घेतला, तर तुमच्या हाती त्याच्या फक्त चुका, नाहीतर त्याच्यावर झालेली दगडफेक लागते. हा स्रोताचा कल आहे. पंच खरंच तसा होता असा त्याचा अर्थ होत नाही.

हकीम फिफाच्या यादीतले आंतरराष्ट्रीय पंच होते आणि १९८८ मध्ये कतारची राजधानी दोहा इथे झालेल्या आशियाई चषकात त्यांनी काम केलं. ती स्पर्धा डिसेंबरात झाली. जन्म जून १९३९ चा, म्हणजे तेव्हा वय ४९. त्या काळी आंतरराष्ट्रीय पंचांसाठी वयाची मर्यादा पन्नास होती, ती पुढे पंचेचाळीसवर आणली गेली. म्हणजे आशियातली सगळ्यात मोठी स्पर्धा त्यांच्या वाट्याला आली ती पंच म्हणून शेवटच्या टप्प्यावर. एका जन्मतारखेवरून आणि एका नियमावरून एवढं कळतं. म्हणून विषय कोणताही असो, त्या काळाची नियमावली हाताशी ठेवत जा. आजचे नियम डोक्यात ठेवून जुनं आयुष्य वाचलं की हिशेब चुकतो.

हा टप्पा पुढच्या मुद्द्यासाठीही लक्षात ठेवा: १९८८, दोहा, हातात शिट्टी.

प्रशिक्षक: १९८८ की १९९८?

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारतीय संघाचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी होते आणि त्यांचे सहायक होते हकीम. बॅनर्जी हे रहीम यांचे शिष्य. १९६२ च्या जकार्तातल्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध पहिला गोल त्यांचाच. म्हणजे गुरूच्या मुलाने शिष्याच्या हाताखाली काम केलं. तो संघ उपउपांत्य फेरीत सौदी अरेबियाकडून एका गोलने हरला. पुढे मलेशियातल्या मर्डेका स्पर्धेत हकीम स्वतः भारताचे प्रशिक्षक होते. क्लबांमध्ये त्यांनी मुंबईचा महिंद्र अँड महिंद्र, गोव्याचा साळगावकर आणि मुंबईचाच बंगाल मुंबई असे संघ सांभाळले.

यातलं सगळ्यात मोठं यश म्हणून एक गोष्ट सांगितली जाते, ती अशी की त्यांच्या हाताखाली महिंद्रने ईस्ट बंगालला हरवून ड्युरँड चषक जिंकला. त्यांच्या निधनानंतर आलेल्या बातम्या मी एकापुढे एक ठेवून वाचल्या. काहींमध्ये या विजयाचं वर्ष दिलंय १९८८. मीही पहिल्या मसुद्यात तेच लिहिलं आणि खाली संदर्भही टाकला. छापील बातमी होती, मग शंका कशाला घ्यायची?

शंका आली ती दोहामुळे. १९८८ च्या डिसेंबरात जो माणूस आशियाई चषकात पंच आहे, तोच त्याच वर्षी मुंबईच्या एका क्लबचा प्रशिक्षक म्हणून देशातली जुनी आणि मानाची स्पर्धा जिंकतो? त्या काळात एकच माणूस दोन-दोन कामं करायचा, त्यामुळे अगदीच अशक्य म्हणता येणार नाही. पण दोन्ही एकाच वर्षी म्हणजे जरा जास्तच झालं. म्हणून ड्युरँडच्या विजेत्यांची यादी काढली. १९८८ चा विजेता सीमा सुरक्षा दल. महिंद्रचं नाव यादीत तीनदा आहे: १९९८, २००१ आणि २००८. म्हणजे बातमीतलं वर्ष दहा वर्षांनी मागे सरकलेलं. बहुतेक कुठेतरी एक आकडा चुकला आणि एकाचं बघून दुसऱ्याने घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, एका आकड्याने काय बिघडतं? बरंच बिघडतं. १९८८ धरलं तर हा माणूस पंचगिरी आणि प्रशिक्षण एकाच वेळी करणारा ठरतो. मग त्यावरून 'भारतीय फुटबॉलमध्ये पंच आणि प्रशिक्षक यांच्यात सीमारेषाच नव्हती' असा सिद्धांत मांडावासा वाटतो. मी तो मांडलाही होता, दीड पान भरून. १९९८ धरलं की चित्र बदलतं. पंचगिरी संपली, वयाची साठी जवळ आली आणि त्यानंतर क्लब प्रशिक्षक म्हणून मोठं यश आलं. काळही वेगळा. १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली होती, परदेशी खेळाडू आणि करारावरचे प्रशिक्षक येऊ लागले होते. एका आकड्यावर माझं दीड पान गेलं. ते गेलं हे बरंच झालं, पण रात्री झोप लागली नाही हेही खरं.

यातून दोन गोष्टी शिकले. पहिली, श्रद्धांजलीची बातमी हा घाईत लिहिलेला स्रोत असतो. बातमीदाराला दोन तासांत पन्नास वर्षांचं आयुष्य उभं करायचं असतं, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण चार बातम्या एकच गोष्ट सांगतात म्हणून पुरावे चार होत नाहीत. चारही जणांनी एकाच वृत्तसंस्थेचा मजकूर घेतला असेल, तर पुरावा एकच. दुसरी गोष्ट, तारखांचा तक्ता करा. कागदावर वर्षं उभी लिहायची आणि समोर चार रकाने पाडायचे: खेळाडू, पंच, प्रशिक्षक, अधिकारी. एकाच ओळीत दोन रकाने भरले की थांबून तपासायचं. यासाठी कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही, शाळेची पट्टी आणि पेन्सिल पुरते.

अधिकारी: फाइलमध्ये लपलेला माणूस

१९८२ च्या आशियाई स्पर्धेनंतर १९८४ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरण स्थापन झालं, आपण ज्याला 'साई' म्हणतो. हकीम साईचे प्रादेशिक संचालक होते. पुढे १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात भरायचा ठरला, तेव्हा देशभरातून मुलं हेरण्याच्या प्रकल्पाचे ते संचालक होते. हा विश्वचषक ऑक्टोबर २०१७ मध्ये झाला. नवी मुंबई आणि गोव्यातही त्याचे सामने झाले आणि भारताच्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याच वर्षी हकीम यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. वय ७८. म्हणजे वडील प्रशिक्षक असताना जो मुलगा बाकावर बसला, तो म्हातारपणी देशातली पंधरा-सोळा वर्षांची पोरं शोधायच्या कामात होता.

प्रशासनातला माणूस शोधणं पंचापेक्षाही कठीण. सामन्याला निदान निकाल असतो, फाइलला कसला निकाल? पण इथे आपल्या हातात एक हत्यार आहे, ते म्हणजे माहितीचा अधिकार कायदा, २००५. साई ही सार्वजनिक संस्था आहे. अर्जाची फी दहा रुपये. कायद्याच्या कलम ८(३) प्रमाणे वीस वर्षांहून जुन्या घटनांची माहिती, काही मोजके अपवाद सोडले, तर नाकारता येत नाही. संशोधन करणाऱ्यांना हे कलम तोंडपाठ हवं. अर्ज करताना 'अमुक व्यक्तीबद्दल सगळी माहिती द्या' असं लिहू नका. पद, कार्यालय, वर्ष आणि कागदाचा प्रकार लिहा: बैठकीचं इतिवृत्त, दौऱ्याचा अहवाल, निवड चाचणीचं वेळापत्रक. प्रश्न जितका नेमका, तितकं उत्तर मिळायची शक्यता जास्त.

आणखी एक अडचण भाषेची. रहीम यांच्या काळातल्या हैदराबादचा बराच व्यवहार उर्दूत चालायचा. उस्मानिया विद्यापीठच मुळात उर्दू माध्यमाचं. मला उर्दू येत नव्हतं. आपल्या जिल्ह्यात उर्दू शाळा कितीतरी आहेत. अशाच एका शाळेतल्या मॅडमकडे मी रविवारी सकाळी जाऊन लिपी शिकतेय. अजून अडखळत वाचते, पण मथळा आणि नावं लागतात. तुमच्या विषयाला मोडी, उर्दू, फारसी, कानडी जे लागेल ते आजच सुरू करा. नोंदणी झाल्यावर वेळ मिळत नाही.

मग या आयुष्यातून म्हणायचं काय?

चार भूमिकांतल्या माणसाबद्दल लिहिताना सोपा निष्कर्ष असतो तो 'बहुआयामी व्यक्तिमत्त्व' हा. कृपा करून हा शब्द सिनॉप्सिसमध्ये लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. माझं म्हणणं सध्या असं आहे: हकीम चारही ठिकाणी दिसतात याचं एक कारण त्यांची आवड आणि कुवत आहेच, पण दुसरं कारण व्यवस्थेत आहे. आपल्याकडे खेळून झालेल्या माणसासाठी पगाराच्या जागा फार थोड्या होत्या. ज्याच्याकडे सेनादलाची किंवा शाळेची नोकरी होती तोच खेळात टिकला आणि टिकलेल्या थोड्या लोकांनाच सगळी कामं करावी लागली. वडिलांच्या बाबतीतही हेच दिसतं. एकटे रहीम शाळेत शिकवत, संघटना चालवत, पोलीस संघ घडवत आणि देशाचा संघही घडवत. १९६३ मध्ये ते गेले आणि हैदराबाद फुटबॉलचा तो काळ पुढे ओसरला. भारताला तर पुरुष फुटबॉलमध्ये आशियाई सुवर्ण त्यानंतर मिळालंच नाही. याला इतरही कारणं आहेत, सगळं एका मृत्यूवर टाकणं बरोबर नाही. पण इतकी कामं एकाच माणसावर असली की त्याच्यामागे ती कोण उचलणार, हा प्रश्न उरतोच.

याच्या विरुद्धही म्हणता येईल. कोणी म्हणेल, एकच माणूस खेळलेला, शिकवलेला आणि शिट्टी वाजवलेला असेल तर त्याला खेळ जास्त कळतो, यात कमतरता कसली? मुद्दा योग्य आहे. पण ज्याला खेळ कळतो त्यालाच हिशेब, पत्रव्यवहार आणि निवड हेही सोपवलं, तर त्याच्यावर नजर ठेवणारं कोणी उरत नाही. दोन्ही बाजू मांडायच्या आणि पुरावा कुठे झुकतो ते सांगायचं, एवढंच आपलं काम.

आता ते तिसरं कारण

आमच्या शाळेत पी. टी.चे एक सर होते. नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. तरुणपणी फुटबॉल खेळलेले. शाळेचा संघ तेच घडवायचे, तालुक्याच्या सामन्यांत पंच तेच असायचे (आमच्या शाळेचा सामना असला की शिट्टी दुसऱ्याकडे देऊन रेषेबाहेर उभे राहायचे), स्पर्धेचे भाग्यपत्रक तेच काढायचे आणि पाहुण्या पोरांच्या पोह्यांचा हिशेबही तेच ठेवायचे. मी खेळायची नाही. मला ते टेबलापाशी बसवून सामन्याचा कागद भरायला लावायचे. "गोल कोणी मारला ते सारेच सांगतात बाई, कितव्या मिनिटाला मारला ते तू लिहून ठेव," असं म्हणायचे. आज मी जे करते त्याची सुरुवात तिथली आहे, हे मला फार उशिरा कळलं.

सरांकडे पत्र्याची एक पेटी होती. तीसेक वर्षांच्या स्पर्धांचे कागद, संघांच्या याद्या, वर्गणीच्या पावत्या, तक्रारींचे अर्ज, सगळं त्यात. मी पीएच. डी.ला नाव घातल्यावर ठरवलं होतं, की दिवाळीत गावी गेले की पेटी बघायची. एका दिवाळीला गेले नाही, दुसऱ्या दिवाळीला गेले तर सर नव्हते. घर रंगवताना पेटी रद्दीत गेली होती. घरच्यांचा काय दोष? त्यांच्या दृष्टीने ते जुने कागद होते. ते जुने कागद नाहीत हे ज्या एका माणसाला माहीत होतं, ती मी होते आणि मी गेले नाही.

हकीम यांचा चुकलेला आकडा मला दुरुस्त करता आला, कारण ड्युरँडची यादी कुठेतरी जपलेली आहे. सरांच्या एकाही सामन्याचा निकाल आता मला सिद्ध करता येणार नाही. जिल्ह्यातल्या फुटबॉलवर प्रकरण लिहायचं म्हटलं तर माझ्याकडे माझी आठवण आहे आणि आठवणीला तारीख नसते.

म्हणून ज्यांनी चरित्राचा विषय घ्यायचं ठरवलंय, त्यांच्यासाठी शेवटी एवढंच. विषय मोठ्या माणसाचा घ्या की गावातल्या, प्रश्न तेच विचारा: खेळाडू म्हणून यादीत होता की मैदानात? पगार कुठून येत होता? ज्या भूमिकेत नाव छापलं जात नाही, त्या भूमिकेचा कागद कोणाकडे असेल? बातमीतलं वर्ष दुसऱ्या कुठल्या कागदाशी जुळतं का? आणि तुमच्या गावात खामगाव, मलकापूर, नांदुरा, लोणार कुठेही असे निवृत्त पी. टी.चे सर किंवा मॅडम असतील, तर विषय ठरायची वाट बघू नका. या रविवारी जा. मोबाइलने कागदांचे फोटो काढा, प्रत्येक फोटोसोबत तारीख आणि कागद कोणाकडून मिळाला ते लिहा, पेटी जिथली तिथे ठेवा आणि त्यांच्याशी दोन तास बोला. चहाला नाही म्हणू नका.

कागद सापडले तर मला कळवा. वाचायला मी येते.